माझ्या सोयाबीनचा भाव नेमका कुठं ठरतो? (जागतिकीकरण आणि आपला मराठवाडा)

औसेकर (धागा सुरू करणारे)

राम राम मंडळी.

परवा लातूरच्या मोंढ्यावर आठ क्विंटल सोयाबीन नेलं होतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शेत चार दिवस पाण्याखाली राहिलं, शेंगा झाडावरच भिजल्या, दाण्याला डाग पडला. ओलावा १६ निघाला. पट्टी झाली ३,७०० नं. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८, पण खरेदी केंद्रं अजून उघडली नाहीत. उघडली तरी १२ टक्क्यांच्या वरचा ओलावा तिथं चालत नाही.

घरी आल्यावर वडिलांनी पट्टी बघितली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "आपला माल डागी हाय, हे कळलं. पर चांगल्या मालालाबी हमीभाव मिळंना. बाजार कुणी पाडला?"

मला नीट सांगता आलं नाही. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बारा वर्षं हेच पीक घेऊन, मला सांगता आलं नाही, याची लाज वाटली. गेले आठ दिवस जमेल तसं वाचलं, मोंढ्यात चार जणांना विचारलं. जे कळलं ते मांडतोय, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

आपण सोयाबीनला तेलबी म्हणतो. पण एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर तेल निघतं १८ किलोच्या आसपास. बाकी ८० किलोच्या वर पेंड. ती कोंबडीखाद्यात जाते आणि काही परदेशात जाते. प्लांटवाला, म्हणजे सोयाबीन गाळणारा कारखानदार, आपल्याला भाव काढतो तो या दोन्हींकडे बघून. तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाला बांधलेला आहे, कारण आपला देश जेवढं खाद्यतेल खातो त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात पामतेल सगळ्यात जास्त. पेंडीचा भाव ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेच्या पेंडीला बांधलेला. एकटा ब्राझील वर्षाला १६-१७ कोटी टन सोयाबीन काढतो, आपला अख्खा देश सव्वा कोटीच्या आसपास. त्यांचा हेक्टरी उतारा तीन टनांच्या वर, आपला एक टन आला तरी वर्ष चांगलं म्हणायचं.

आता यातली माझ्या मनाला लागलेली गोष्ट. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातुरात सोयाबीन १०,००० च्या वर गेलं होतं. तेव्हा आमच्या घरात दाणा नव्हता, तो भाव आम्ही फक्त ऐकला. पण भाव आधीपासूनच चढत होता, त्या आशेवर गावानं बांधापर्यंत सोयाबीनच पेरलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. आमचं नवं पीक मोंढ्यात पोचेपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं, तेव्हा जरा बरं वाटलं. मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. मे म्हणजे आम्ही बियाणं घ्यायच्या तयारीत असतो तो महिना.

माझं म्हणणं एवढंच आहे. जगाशी जोडलं जाण्याला माझा विरोध नाही. पण आपल्या आणि जगाच्या मधे जे दार आहे, ते उघडायची आणि लावायची वेळ पेरणाऱ्याला विचारून कधीच ठरत नाही. तुमच्या तुमच्या धंद्यात, गावात जग कुठून आत आलं आणि काय करून गेलं, ते लिहाल का? मला वडिलांना उत्तर द्यायचंय.

मोंढ्यातला

औसेकर, बरंच बरोबर लिहिलंत. आडत दुकानात वीस वर्षं काढली, त्यातून दोन गोष्टी जोडतो.

एक, पेंडीला आता घरातच सवत आलीये. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढायला लागल्यापासून जो चोथा उरतो, त्याला डीडीजीएस म्हणतात. कोंबडीखाद्यवाले तो घेतात, सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो म्हणून. त्यामुळं देशातली मागणी घटली. बाहेर पाठवावी तर ब्राझील-अर्जेंटिनाची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त. पेंड दोन्हीकडून अडली की दाण्याचा भाव कसा उठणार?

दुसरं, पूर्वी आमच्याकडं वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांच्या सौद्यांचा भाव, दिसायचा. पुढच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज यायचा, शेतकऱ्याला सांगता यायचं की थांब किंवा विक. डिसेंबर २०२१ मध्ये या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे बंद केले, त्यानंतर मुदतवाढच चाललीये. आता आम्ही अमेरिकेतल्या शिकागोचा सोयाबीनचा वायदे बाजार बघतो, मलेशियाचं पामतेल बघतो आणि सकाळी प्लांटचे दर येतात त्यावर पोटली निघते, म्हणजे दिवसाचा सुरुवातीचा दर ठरतो. लोकांना वाटतं आडत्याला सगळं माहीत असतं. खरं सांगतो, दिल्लीची अधिसूचना रात्री निघाली की सकाळी आम्हीही तुमच्यासारखेच उघडे पडतो.

तुरीचंही तेच. २०१५ ला तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली. २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर आणायचा करार झाला. शेतकऱ्यानं त्या भावाकडं बघून तूर पेरली, पाऊसही साथीला आला, आणि २०१७ च्या सुरुवातीला ५,०५० चा हमीभावही बाजारात मिळेना. खरेदी केंद्रापुढं आठ-आठ दिवस ट्रॅक्टर उभे होते, मी स्वतः पाहिलेत. मे २०२१ मध्ये तुरीची आयात खुली केली, त्याची मुदत पुढं वाढतच गेली.

लाल बिल्ला

मी १९८० पासून शेतकरी संघटनेचा बिल्ला छातीवर लावलेला माणूस. आज वय ७१. या धाग्यावर जागतिकीकरणाला दोष दिला जाणार, हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो.

१९९१ आठवा. देशाकडं जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं, सोनं गहाण टाकावं लागलं. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि कारखानदाराच्या पायातली लायसनची बेडी निघाली. शेतकऱ्याच्या पायातली निघाली का? जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. भाव चढला की साठ्यावर मर्यादा, निर्यातीला बंदी, आयातीला मोकळं रान. आमचे नेते शरद जोशी यांनी डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे गॅट या जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या, बाजूनं भूमिका घेतली तेव्हा आम्हाला शिव्या पडल्या, 'देश विकायला निघाले' म्हणून. साहेबांचा मुद्दा साधा होता: इतर देश आपल्या शेतकऱ्याला सबसिडी देतात, आपलं सरकार उलट भाव पाडून शेतकऱ्याकडूनच काढून घेतं. याला आम्ही उणे सबसिडी म्हणायचो. गॅटच्या वाटाघाटीत भारतानं दिलेल्या आकड्यांतसुद्धा ते उणेच दिसत होतं.

औसेकर, तुमचा २०२१ चा प्रसंग घ्या. जी पेंड आणली ती जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. त्यांच्या सोयाबीनची पेंड आपल्या कोंबड्यांना चालते, पण ते बियाणं आपल्या शेतकऱ्याला पेरायला चालत नाही. स्पर्धा लावायची आणि एकाचे हात बांधायचे, ही कुठली स्पर्धा? याला जागतिकीकरण म्हणू नका. दार अर्धं उघडं आहे, आणि तेही आत यायलाच.

गोदाकाठ

बिल्लेवाले काका, तुमच्या चळवळीबद्दल मनात आदर आहे. आमच्या वडिलांनी तुमच्याबरोबर रस्त्यावर बैलगाड्या लावल्यात. पण कापसाच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या पाथरी-मानवतच्या पट्ट्यात कापूस म्हणजे घर.

१९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा. तिच्यात हजार दोष होते, चुकारे महिनोनमहिने अडकायचे. पण जगाचा भाव थेट आमच्या उंबऱ्यावर येत नव्हता. १९९५ च्या आसपास जगात कापसाचा भाव पौंडाला एक डॉलरच्या वर होता, २००१-०२ ला तो ४० सेंटच्या घरात आला. तो का पडला? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरची सबसिडी देत होती, म्हणून तिथं भाव पडला तरी पेरा घटत नव्हता. ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध दावा केला आणि जिंकला. तो निकाल पूर्ण पाळला गेला नाही. शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन ब्राझीलनं तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली या चार गरीब देशांनी २००३ पासून आवाज उठवला, त्यांच्या पदरात काय पडलं? मग काका, खुल्या बाजारात नियम मोडणारा बलदंड असेल तर पंच त्याचं काय करतो, याचं उत्तर तुमच्या मांडणीत मला सापडत नाही.

ते पडलेल्या भावाचं जग आणि एकाधिकार खरेदीचा शेवट, दोन्ही एकाच वेळी आमच्यावर आले. त्याच २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या जनुकीय बदलाच्या वाणाला, परवानगी मिळाली. ती आणणारी भारतीय कंपनी आपल्या जालन्याचीच, महिको, १९६४ ला बद्रीनारायण बारवाल्यांनी उभी केलेली. बारवाल्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सँटोनं महिकोत २६ टक्के भाग घेतला. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी १,६०० च्या वर होती. खोटं बोलणार नाही, पहिली सहा-सात वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, आणि त्या पैशातच आमच्या घरावर स्लॅब पडला. मग २०१७ ला शेंदरी बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. फुलातच अळी. वेचायला बाई लावावी तर मजुरी निघेना.

आणि आताचं ताजं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापड गिरण्यांना धक्का बसला, तो खरा आहे. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. आमची पहिली वेचणी दसऱ्याला, आणि सगळा कापूस घरात येतो तो याच तीन महिन्यांत. भांडण वॉशिंग्टन आणि दिल्लीचं, भरपाई परभणीनं करायची. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११०, पण पावसात भिजलेल्या कापसाला दारातला व्यापारी किती देतो, ते या पट्ट्यातल्या कुणालाही विचारा.

तेरचा

विषय जरा मागं नेतो, पण सोडून बोलत नाही.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. गोरोबाकाकांचं तेर. सातवाहनांच्या काळात याचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत, पेरिप्लसमध्ये, लिहिलंय की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून सुती कापड, मलमल, बैलगाड्यांतून रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. तिथून जहाजानं रोमच्या बाजारात. आमच्या गावच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशीच मूर्ती मिळाली आहे.

म्हणजे जगाशी व्यापार आपल्याला नवा नाही. गोदाकाठ यांचं वाचताना एक फरक मात्र मनात खुपला. दोन हजार वर्षांपूर्वी इथून कापड जायचं. सूत कातणारा, विणणारा, रंगवणारा, सगळे याच मातीतले. आज इथून नुसत्या कापसाच्या गाठी जातात. नांदेडच्या उस्मानशाही कापड मिलचा भोंगा ऐकलेली माणसं अजून आहेत, मिल नाही. औरंगाबादी हिमरू विणणारे माग किती उरलेत, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील. मला वाटतं सोयाबीनचंही हेच आहे. दाणा विकणाऱ्याला जग चेपतंच.

मोंढ्यातला

तेरचे, शेवटचं वाक्य पटलं. पण प्रक्रिया करणाऱ्यालाही जग चेपतं. आपल्याकडचे सोयाबीनचे कित्येक प्लांट वर्षातले निम्मे दिवस बंद असतात. आयात तेल स्वस्त असलं की गाळप परवडत नाही.

वाळूज दुसरी पाळी

सगळे शेतीवरच लिहायलेत म्हणून लिहिते. मी परतूर तालुक्यातली. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू. आम्ही तिघी बहिणी. मी बारावीनंतर वाळूजला आले, रांजणगावात खोली करून राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत तपासणीला आहे. गेज लावून बघायचं, भाग मापात आहे का. दुपारी तीनला आत, रात्री अकराला बाहेर.

तुम्ही सगळे म्हणताय जग आलं आणि लुटून गेलं. माझ्यापुरतं सांगते. जग आलं नसतं तर माझं लग्न अठराव्या वर्षी झालं असतं. वाळूजला बजाज १९८५ ला आलं, मग पुरवठादार आले, १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, शेंद्र्याला स्कोडा आलं, त्यातून माझ्यासारख्या हजारो मुलींना स्वतःच्या नावाचं बँक खातं मिळालं. पहिल्या पगारातून आईला चांदीचे जोडवे घेतले. तिनं त्याआधी आयुष्यात कधी दुकानात बसून दागिना निवडला नव्हता. धाकटी नर्सिंगला आहे, तिची फी मी भरते. हे लहान नाही.

आता दुसरी बाजूही लिहिते, कारण लपवून काय उपयोग. मी अजून ठेकेदाराकडूनच आहे. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवं कार्ड. काम तेच, मशीन तेच, शेजारच्या कायम कामगाराचा पगार माझ्या दुप्पट. कायम करतील या आशेवर पाच वर्षं गेली.

२०२१ ला चिप मिळेनात म्हणून गाड्या अडल्या, आमची लाइन आठवड्यातून तीन दिवस. २०२३ च्या उन्हाळ्यानंतर एकदम ओव्हरटाइम बंद झाला. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाले, नायजेरियात त्यांच्या पैशाची किंमत पडली, तिकडं दुचाक्या जायच्या त्या कमी झाल्या. तोवर नायजेरिया कुठं आहे हे मला माहीत नव्हतं. रात्री मोबाइलवर नकाशा काढून बघितला. त्यांच्या चलनाला नायरा म्हणतात. जून २०२३ मध्ये त्यांच्या सरकारनं नायरा मोकळा सोडला आणि तो घसरला. तिथं एखादा मोटारसायकल टॅक्सी चालवणारा असेल, त्याला नवी गाडी परवडली नाही, म्हणून माझ्या बहिणीची फी दोन महिने उशिरा गेली. औसेकर दादा, तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा थोडं कळलं होतं. त्या माणसाचा मला रागही आला नाही. तोही माझ्यासारखाच कुणाच्या तरी निर्णयाखाली सापडलेला.

लाल बिल्ला

पोरी, शाबास. असं लिहीत जा.

गोदाकाठ, तुमच्या प्रश्नाला बगल देत नाही. बलदंड देश नियम मोडतात, हे खरं आहे. त्यावर माझ्याकडं पुरेसं उत्तर नाही. पण मला सांगा, अमेरिकेनं भाव पाडला तेव्हा आपल्या सरकारनं शुल्क लावून तुम्हाला वाचवलं का? नाही. आणि जग तेजीत होतं तेव्हा निर्यात उघडी ठेवून तुम्हाला कमावू दिलं का? तेही नाही. २०१० ला कापूस निर्यातीवर मर्यादा घातली, २०१२ च्या मार्चमध्ये बंदीच घातली. मार तुम्ही दोन्ही वेळा खाल्लात. मला याचा संताप आहे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. डोंगरपट्टा, ऊसतोडीचा भाग. दसरा झाला की वर्ग रिकामा होतो. यंदाही झालाय. ४१ पैकी १९ मुलं आजी-आजोबांकडं राहिलीत, बाकीची आईबापाबरोबर कारखान्यांवर गेली. कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात.

साखरेचा भाव ब्राझीलशी जोडलेला आहे असं सगळे म्हणतात. जून २०२२ पासून साखर निर्यातीवर निर्बंध आले, २०२३-२४ च्या हंगामात निर्यातच नव्हती. कारखानदार त्याचं गणित मांडतात, ऊस उत्पादकही मांडतात. पण साखर निर्यात जोरात होती, २०२१-२२ मध्ये विक्रमी साखर देशाबाहेर गेली, तेव्हा तोडणाऱ्याच्या कोयत्याला त्यातलं काय मिळालं? तोडणीचा दर टनाला २७३ रुपये होता, तो संप-बैठका होऊन जानेवारी २०२४ मध्ये ३६६ झाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांनी पहाटे चारपासून तोडलं तर दीड-दोन टन. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फिटता फिटत नाही. भाव पडला की तोटा खाली झिरपत येतो, चढला की फायदा वरच अडतो. मला या जागतिकीकरणात सगळ्यात मोठा अन्याय हा वाटतो, आणि त्याला शिकागो जबाबदार नाही, आपणच आहोत.

आता ऊस तोडायची मोठी यंत्रं येतायत. ब्राझीलमध्ये बहुतेक ऊस यंत्रानं तोडतात. इथं ती वाढली तर माझ्या गावच्या पालकांनी काय करायचं, हे कुणी विचारलंय का? कोयता सुटावा असं मलाही वाटतं. पण दुसरं काही हातात देऊन सुटावा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातवीतली एक मुलगी आईबरोबर कर्नाटकात फडावर गेली आहे. रात्री कोपीत बसून वडिलांच्या मोबाइलवरून मला गणितं सोडवून फोटो पाठवते. अपूर्णांकाच्या बेरजा. काल तिनं पाठवलेल्या वहीच्या पानावर उसाच्या पाचटाचा तुकडा चिकटलेला दिसत होता. हा मोबाइल, हे स्वस्त इंटरनेट, हेसुद्धा त्याच दारातून आत आलं. ते मी नाकारू शकत नाही.

श्टुटगार्टहून परभणीकर

नऊ वर्षं जर्मनीत आहे, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये. आई-वडील परभणीत एकटे असतात, त्याबद्दल लिहायला लागलो तर हात चालत नाही, म्हणून ते सोडतो.

काकांच्या आणि गोदाकाठ यांच्या वादात एक भर. जानेवारी २०२४ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी डिझेलवरची सवलत काढण्याविरुद्ध ट्रॅक्टर घेऊन बर्लिन अडवलं. मी ऑफिसला जाताना आमच्या शहरातही ट्रॅक्टरांची रांग बघितली. युरोपीय संघाच्या एकूण अंदाजपत्रकातला जवळपास तिसरा हिस्सा शेतीवर खर्च होतो. इथल्या शेतकऱ्याला हेक्टरमागे थेट पैसे मिळतात, दरवर्षी. तरी तो नाराज असतो. म्हणजे ज्यांना आपण खुल्या बाजाराचे देश म्हणतो, त्यांनीही शेतकऱ्याला बाजारात एकटं सोडलेलं नाही. आपण सोडलंय, आणि वर त्याचे हातही बांधलेत. तुम्ही दोघंही बरोबर आहात असं मला वाटतं.

लाल बिल्ला

परभणीकर, आई-वडिलांना रोज फोन करत जा, बाळा.

औसेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा वडिलांना वाचून दाखवला. दीड तास लागला. परतूरच्या ताईचं वाचताना आई येऊन बसली. पुन्हा वाच म्हणाली, दुसऱ्यांदा वाचलं.

वडिलांनी मधे दोनच गोष्टी विचारल्या. एक, तेल एवढं बाहेरून कधीपासून यायला लागलं? ते मी शोधून ठेवलं होतं. १९८६ ला तेलबिया मिशन सुरू झालं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली केली आणि १९९८ पर्यंत ते शुल्क १५ वर आणलं. वडील म्हणाले, "म्हंजी तवाच." त्यांना तो काळ वेगळ्या कारणानं आठवतो. आमच्या गावात दोन तेलघाणे होते, करडई आणि भुईमुगाचे. भूकंपाच्या वर्षी, १९९३ ला, एकाची भिंत पडली, ती पुन्हा बांधली नाही. लोक म्हणायचे भूकंपानं घाणा गेला. वडील म्हणाले, "भित पाडली भूकंपानं. पर मालकानं पुन्हा का बांधली न्हाई, ते आज कळलं. किराण्यात पिशवीतलं तेल आलं व्हतं."

दुसरं विचारलं, रब्बीला काय करायचं. वाफसा उशिरा आला, ज्वारीची वेळ गेल्यात जमा आहे. हरभरा म्हटलं तर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा-रशियाचा पिवळा वाटाणा बिनशुल्क येत होता, त्यानं हरभऱ्याला दाबून धरलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लावलंय. पण आमचा हरभरा निघणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर ते टिकेल का?

शेवटी ठरलं ते असं. तीन एकर हरभरा, दीड एकर करडई. परभणी विद्यापीठाचं करडईचं बियाणं मिळतंय का, ते उद्या बघतो. औशात एक लाकडी घाणा पुन्हा सुरू झालाय. त्याच्याशी बोललोय, निदान घरचं वर्षाचं तेल काढून देईल, जास्तीचं पै-पाहुण्यांत जाईल. दीड एकरानं देशाची आयात थांबत नाही, ते मला कळतं. पण त्या दीड एकराचा भाव तरी आम्ही आणि घाणेवाला समोरासमोर बसून ठरवणार आहोत.

उरलेलं सहा क्विंटल सोयाबीन पत्र्यावर वाळायला टाकलंय. मोंढ्यातले दादा, तुम्ही शिकागो बघता म्हणालात. तो बाजार आपल्याकडं किती वाजता दिसतो?

मोंढ्यातला

मुख्य बाजार त्यांच्या सकाळी साडेआठला उघडतो. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं, म्हणून तेव्हापासून मार्चपर्यंत आपल्या रात्री आठला. उन्हाळ्यात सातला. मलेशियाचं पामतेल सकाळी आठलाच सुरू होतं, तेही बघत जा, त्याचा आपल्या तेलावर लवकर परिणाम होतो. माल १२ च्या खाली वाळला की आणा. डागी वेगळा करून आणा, एकत्र आणला तर सगळ्याला डागीचाच भाव लागतो. केंद्रं उघडली तर आधी तिथं नोंदणी करा.

औसेकर

कळलं. चाळण लावून डागी वेगळा काढतोय, आई आणि बायको दोघी बसल्यात.

वडिलांना वेळ सांगितली. आज संध्याकाळी बातम्या लावल्या होत्या, आठ वाजायला आले तसा त्यांनी आवाज बारीक केला आणि म्हणाले, "बघ रं मोबाइलात. उघडलं का त्यांचं?"